तुझी वात पाहीन

"खरंच काढून टाकायचं?" असं फोननं विचारलं तेव्हा फेरीबोट डार्टमथचा धक्का सोडून जेमतेम पाण्यात शिरली होती आणि लोर्ना डॉसेटचा अंगठा ‘हो’वर टेकायच्या बेतात होता. एकेचाळीस प्रकरणं, सहा वर्षांचं लिखाण, आणि काढून टाकायला फक्त तीन शब्दांचा प्रश्न. पलीकडे हॅलिफॅक्सला पोचायला बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात हे उरकून टाकायचं आणि मग दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करत बसायचं, असं तिनं सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं. घरात बसून तिच्या हातून हे झालं नसतं. घरात व्हायोलाची खुर्ची होती, आणि गेल्या अकरा महिन्यांत त्या खुर्चीवर लोर्नानं साधा टॉवेलसुद्धा टाकला नव्हता. शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे तिला कळत होतं. पण नको ते काम करायची वेळ आली की माणसाची नजर कुठंही पळून जाते, तशी ती उजवीकडं गेली, आणि शेजारच्या स्क्रीनवर तिनं वाचलं: ‘ॲग्नेसने काचेवरचं मीठ बाहीने पुसलं आणि ती समुद्राला म्हणाली, आता तरी खरं बोल.’ वाक्य ओळखीचं वाटलं. मग तिला समजलं की ते तिचंच आहे. एका फेब्रुवारीत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलेलं, ज्या दिवशी शेगडीवर घेवडा करपला होता आणि व्हायोला म्हणाली होती की घेवडा गेला तरी चालेल, हे वाक्य राहिलं पाहिजे.

फोन धरणारा माणूस पन्नाशीचा होता, दाराएवढा रुंद. अंगात वेल्डिंगवाल्यांचा जाड डगला, त्यावर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं, आणि खिशावर लाल दोऱ्यानं भरलेलं नाव: डेल्बर्ट. शेवटच्या अक्षराचा टाका उसवत आला होता, हे लोर्नाच्या सवयीच्या डोळ्यांनी आधी टिपलं आणि बाकीचं मागाहून. तो हसत होता. आवाज नव्हता, पण त्याचं पोट हलत होतं आणि त्यामुळं अख्खं बाक हलत होतं. लोर्नाला आठवलं, पुढं कोंबडी दीपगृहाच्या जिन्यात अडकते तो प्रसंग आहे. तो प्रसंग विनोदी झालाय की नाही याची तिला कधीच खात्री नव्हती. आता बाकाकडूनच उत्तर मिळत होतं. मग तो हसायचा थांबला, अंगठ्यानं भराभर शेवटाकडं गेला, जिथं एकेचाळिसावं प्रकरण संपतं आणि पुढं काहीच नाही. तिथं त्यानं एक छोटं चित्र टाकलं, पेटत्या दिव्याचं, आणि खाली दोन शब्द: ‘वात पाहतेय.’ बटण दाबलं. लोर्नाच्या हातातला फोन थरथरला. ‘खरंच काढून टाकायचं?’च्या डोक्यावर एक पट्टी उतरली: बटाट्याचीआजी यांनी तुमच्या कथेखाली लिहिलं आहे.

बटाट्याचीआजी! लोर्नानं त्या माणसाकडं असं काही पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्यानं जागा बदलली असती. पण तो फोन खिशात टाकून खिडकीबाहेरच्या पाण्याकडं बघत बसला होता, न्याहारी झालेल्या माणसासारखा. तीन वर्षं लोर्ना या आजीशी बोलत आली होती. तिच्या मनातली आजी सस्कॅचवानच्या सपाट मुलखात राहायची, सत्त्याहत्तर वर्षांची, पायाशी दोन मांजरं, मांडीवर विणकाम. रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा घट्ट होत नाही म्हणून लोर्नानं एकदा प्रकरणाच्या शेवटी कुरकुर केली, तर आजीनं तिथंच अख्खी कृती लिहिली होती, सफरचंदाची साल कापडात बांधून टाकण्यापासून. आणि व्हायोला गेली त्या आठवड्यात लोर्नानं कथेखाली एकच ओळ टाकली होती, ‘माझी बहीण गेली, थोडं थांबते,’ तेव्हा चारशे लोकांनी फुलं वाहिली, पण आजीनं लिहिलं होतं: ‘मासळीबाई, आठवडाभर चहात साखर जास्त घाल. आणि उभ्यानं पिऊ नकोस, बसून पी.’ लोर्नानं खरोखर तसं केलं होतं. म्हणजे या दाराएवढ्या माणसाच्या सांगण्यावरून ती आठवडाभर गोडमिट्ट चहा बसून प्यायली होती. तिला हसू फुटलं. ते दाबायला गेली तर नाकातून बाहेर आलं. फोननं पुन्हा विचारलं तेव्हा तिनं ‘नको’ दाबलं. आत्तापुरतं, असं तिनं स्वतःला बजावलं. संध्याकाळी घरी जाऊन काय ते बघू.

मासळीबाई म्हणजे लोर्नाच. लिहिण्यासाठी तिनं ‘खारीमासळी’ असं नाव घेतलं होतं, कारण खऱ्या नावानं लिहायला तिला लाज वाटायची, आणि साठीला आलेल्या, दुसऱ्यांचे कपडे बेतणाऱ्या बाईनं टीव्हीवरच्या माणसांच्या गोष्टी पुढं लिहीत बसावं हे सांगायचं तरी कुणाला? ‘उत्तरेचा दिवा’ ही मालिका दोन वर्षं चालली. तिच्यात ॲग्नेस नावाची बाई दीपगृह सांभाळते. डॉक्टर टोबायस होडीतून जातो आणि येतो म्हणून सांगतो. शेवटच्या भागात धुक्यातून शिट्टी ऐकू येते, ॲग्नेस विझलेला दिवा घेऊन जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहते, आणि पडदा काळा होतो. पुढचा भाग येणारच नाही असं कंपनीनं चार ओळींत कळवून टाकलं. पूर्वीच्या काळी एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण बघणारे आता नुसते बघणारे उरले नव्हते. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या, अर्जावर सह्या करून झाल्या, आणि मग जगभरातले ते सगळे उठले आणि लिहायला बसले. कुणी चित्रं काढली, कुणी ॲग्नेसच्या शालीचा नमुना विणून वाटला, फिलिपिन्समधल्या एका मुलीनं जिन्याच्या शहाण्णव पायऱ्यांचं गाणं केलं. लोर्नानं पहिलं प्रकरण लिहून व्हायोलाला दाखवलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. व्हायोलानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "एक चूक आहे. सांगू का?" नको म्हटलं असतं तरी ती सांगणारच होती. त्या लोकांत एक पक्का रिवाज आहे: लेखकाची चूक चारचौघांत दाखवायची नाही. तो अधिकार फक्त त्याच्या तपासनिसाचा, आणि तपासनीस लेखकानं आपणहून नेमायचा. व्हायोला अशी तपासनीस झाली. दर प्रकरणाला तेच वाक्य, तोच काढलेला चष्मा. एक चूक आहे. सांगू का?

आणि तिच्या हातून निसटलेली एकच चूक जगभर गेली. बाराव्या प्रकरणात टोबायस होडीत चढतो तेव्हा ॲग्नेस म्हणते, ‘मी तुझी वाट पाहीन.’ लोर्नानं टाइप केलं, ‘मी तुझी वात पाहीन.’ व्हायोलाचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिला ते दिसलं नाही. सकाळी चूक लक्षात आली तेव्हा ती अंथरुणातून उठून आली, शरमेनं लाल. "बदल, बदल आधी, लोक काय म्हणतील!" पण लोकांचं म्हणून झालं होतं. चाळीस जण रात्रीत रडून मोकळे झाले होते. काय शब्द योजलाय म्हणे! दीपगृहातली बाई वाटेकडं कशी बघेल, ती वातीकडंच बघणार. वात जळतेय तोवर तो येणार. एका प्राध्यापकानं तर पानभर लिहिलं होतं. त्या दोघी बहिणी टेबलाशी बसून इतक्या हसल्या की व्हायोलाच्या नव्या डोळ्याला पाणी लागू नये म्हणून लोर्नाला तिचं तोंड वर धरून ठेवावं लागलं. "आपण दोघी बावळट," व्हायोला म्हणाली, "पण आपले वाचक काय हुशार आहेत गं!" चूक तशीच राहिली. मग ती पसरली. कुणाचीही अर्धी राहिलेली गोष्ट असो, तिच्याखाली लोक दिवा ठेवू लागले. वात पाहतेय. वात पाहतोय. व्हायोला गेल्यानंतर लोर्नाच्या अर्ध्या कथेखाली असे सहाशेवर दिवे जमले, आणि तिला प्रत्येक दिवा दारावरच्या थापेसारखा वाटत गेला. कधी लिहितेस? अजून नाही? ॲग्नेस बिचारी जिना उतरता उतरता अकरा महिने वरून सदतिसाव्या पायरीवर एक पाय उचलून उभी होती. सगळेच वाट बघतायत आणि देणारी एकटी मी, आणि माझा तपासनीस जमिनीखाली. म्हणून आज काढून टाकायचं होतं, दिवे आणि पायऱ्यांसकट.

पण या माणसानं दिवा ठेवला तेव्हा थाप कुठं वाजली होती? तिच्या डोक्यातून ते जाईना. त्यानं नवीन काही आलंय का हे शोधलंसुद्धा नव्हतं. जुनीच कोंबडी वाचली, हसला, जाताजाता दिवा ठेवला, पाण्याकडं बघत बसला. दुकानात शिलाईयंत्रावर पाय ठेवला तरी तिच्या डोळ्यांपुढं तेच पोट हलत होतं, आणि त्यातून कुठून कोण जाणे तिला आई दिसली. गावातल्या घरी इस्त्री करताना रेडिओवरची मालिका ऐकणारी आई. वादळात आवाज फाटायचा, खरखर व्हायची, नेमका महत्त्वाचा तुकडा जायचा. दुसऱ्या दिवशी शेजारणी विचारायला यायच्या, "काल पुढं काय झालं गं?" आणि आई अजिबात न अडखळता सांगायची. गेलेला तुकडा ती मनानं भरून काढायची, इस्त्री न थांबवता. एका वादळी हिवाळ्यात तर तिनं एका बाईचं लग्नच लावून दिलं, आणि पुढच्या आठवड्यात रेडिओवर ती बाई कुमारिकाच निघाली, तेव्हा शेजारणींनी रेडिओवाल्यांनाच नावं ठेवली. लोर्ना आणि व्हायोला एका पांघरुणात पडून ऐकायच्या. आईनं स्टेशनला एकदा पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. आईला ऐकणाऱ्या पाच जणी मिळाल्या, त्याही त्याच गल्लीतल्या. आई आज असती, तर तिला किती दिवे आले असते! हा विचार लोर्नाला इतका आवडला की तिनं कापड दोनदा दुमडलं.

"आज तुझ्या तोंडावर काय सांडलंय?" दुकानाची मालकीण सामिया खूरी तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाली. तिचं माहेर बैरूतचं, पण भांडण अस्सल हॅलिफॅक्सचं.

"कुठं काय?"

"कुठं काय म्हणणाऱ्या बाईनं सकाळपासून तीन पँटी उलट्या शिवल्यात. पुरुष आहे का कुणी?"

"आजी आहे."

"कुणाची आजी?"

लोर्नानं मग सांगितलं. सहा वर्षांत या दुकानात तिनं हे पहिल्यांदाच सांगितलं. दीपगृह, टोबायस, कोंबडी, वात, व्हायोलाचा चष्मा, सगळं. सामियानं एक एक टाचणी काढून उशीत खोचली आणि शेवटी रिकाम्या तोंडानं म्हणाली, "म्हणजे तू लेखक आहेस? आणि मी तुला बटणं लावायला देते?"

"तशी लेखक नाही गं."

"गप्प बस. आमच्या साठ चुलत भावंडांचा ग्रुप आहे. मालिका आम्ही एक तास बघतो आणि सहा तास तिच्यावर भांडतो. माझ्या मावशीनं शेवट आवडला नाही म्हणून स्वतः बोलून शेवट पाठवला, अठरा मिनिटांचा! ती म्हातारी लाजत नाही, तू का लाजतेस?" मग जरा खालच्या आवाजात तिनं विचारलं, "ती बाई अजून जिन्यातच उभी आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"अकरा महिने."

"पाय सुजले असतील तिचे," सामिया म्हणाली. "चल, नीघ. तीन वाजलेत. उलट्या पँटी मी उसवते. त्या बाईला खाली उतरव आधी."

धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात लोर्ना बाकावर बसली. सव्वातीनची फेरी आली आणि गेली, तिच्यात तो नव्हता. तिला खरं म्हणजे त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं. एकदा लांबून बघायचं होतं, एवढंच. बघून काय होणार, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. वेल्डिंगवाले चारला सुटतात, तोवर पाऊण तास हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून तिनं फोन काढला. ॲग्नेस सदतिसाव्या पायरीवर होती. तिला खाली अडतिसाव्या पायरीवर घ्यायला काय हरकत आहे, म्हणून लोर्नानं घेतलं. मग एकोणचाळीस. पायाखालचा दगड गार होता हे लिहिताना तिच्या स्वतःच्या तळव्यांना गार लागलं, आणि तिला कळलं की आता हे थांबणार नाही. भिंतीतलं मीठ, कोंबडीचं एक पीस, जिन्याच्या वळणावर आईच्या इस्त्रीचा वास. दीपगृहात इस्त्री कुठून येणार? येऊ दे. पुढची फेरी आली आणि गेली. येणाऱ्या प्रत्येक डगल्याकडं ती मान वर करून बघायची आणि पुन्हा पायरीवर यायची. व्हायोलाची आठवण येत होती, पण आज ती खुर्चीसारखी येत नव्हती, मोतीबिंदूच्या डोळ्याला धरून हसताना येत होती. लोर्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती इतकी आनंदात होती की समोरच्या बाकावरच्या बाईनं तिला कागदी रुमाल दिला तेव्हा तिला तो कशासाठी हे क्षणभर कळेना. शहाण्णवावी पायरी. खालचं दार. बाहेर धुकं, आणि धुक्यात भिजलेली टोपी. ‘उशीर झाला,’ तो म्हणाला. ‘झाला खरा,’ ॲग्नेस म्हणाली. ‘मी तुझी वाट पाहत होते.’ तपासायला कुणी नव्हतं म्हणून लोर्नानं प्रत्येक शब्द तीन तीनदा तपासला, व्हायोला करायची तसा अक्षराखाली नखाचा शेंडा धरून. एकही चूक सापडली नाही. आणि मान वर केली तर डेल्बर्ट दारातून आत येत होता, डबा काखेत, नाकाला काळं लागलेलं.

फेरीवर ती त्याच्या बरोबर मागच्या बाकावर बसली. धक्का सुटला तसं तिनं प्रकरण पाठवून दिलं. सकाळी ज्या पाण्यावर तिचा अंगठा ‘हो’वर टेकायला निघाला होता, त्याच पाण्यावर, फक्त समोरच्या काठाकडून. त्याच्या खिशात टिंग झालं. त्यानं फोन काढला, बघितला, आणि पाठ एकदम ताठ झाली. मग तो वाचू लागला. लोर्नाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसती मान दिसत होती, ठिणग्यांनी भाजलेली जाड मान, आणि ती त्या मानेकडं अशी बघत राहिली की जणू निकाल तिथंच लागणार होता. मान एकदा खाली गेली. एकदा हलली, ते बहुधा पिसाशी. मग बराच वेळ काही नाही. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले, नाकाचं काळं गालाला लावून घेतलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहायला लागला. मध्येच थांबला, खोडलं, पुन्हा लिहिलं. लोर्नाचा फोन थरथरला.

‘मासळीबाई, आलीस! काय सांगू, इथं सगळ्यांसमोर माझं तोंड बघण्यासारखं झालंय.’ आणि त्याच्याखाली, एक ओळ सोडून: ‘रिवाज मोडतेय, रागावू नकोस. एक चूक आहे. सांगू का?’

लोर्नानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला तिनं अंगठा उचलला, मग फोन मांडीवर ठेवला आणि पुढं वाकून त्या डगल्याच्या खांद्यावर दोनदा टकटक केली.

"सांगा की, आजी."

तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावर चोरी पकडल्याची कळा होती. "कोण आजी?" तो म्हणाला. तिनं आपला फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं आपलीच ओळ वाचली, तिच्याकडं पाहिलं, परत ओळ वाचली. "अरे देवा," तो म्हणाला. "मासळी?"

"लोर्ना."

"मला वाटलं तुम्ही पंचविशीतली कुणी असाल. निळे केस वगैरे."

"आणि मला वाटलं तुम्ही सस्कॅचवानात विणत बसलेल्या असता."

"विणतो मी," तो जरा दुखावून म्हणाला. मग दोघंही एकदम हसायला लागले, आणि या वेळी दोन बाकं हलली. पलीकडच्या शाळकरी मुली वळून बघायला लागल्या.

"चूक," लोर्ना श्वास घेत म्हणाली. "कुठंय? मी तीनदा तपासलंय."

त्यानं फोन तिच्याजवळ आणला आणि खरबरीत बोट शेवटच्या ओळीखाली टेकवलं, अगदी हळू, काचेवर ओरखडा उठेल अशा भीतीनं. "इथं," तो म्हणाला. "‘वाट’ पडलंय तुमच्याकडून. आपण ‘वात’ पाहतो ना?"

लोर्ना त्या शब्दाकडं बघत राहिली. तीनदा तपासलेला, शुद्ध, बिनचूक शब्द. व्हायोला असती तर चष्मा काढून टेबलावर आपटला असता. तिनं आपला फोन त्याच्या हातात दिला. "तुम्हीच करा दुरुस्त," ती म्हणाली. "मला आता दिसत नाहीये." त्यानं हात डगल्याला पुसले, एक अक्षर खोडलं, एक घातलं. फोननं विचारलं, "बदल ठेवायचा?" आणि त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"ठेवा," लोर्ना म्हणाली.